घरच्या काँप्युटरात शिरलेला हेर

वाचकहो, आपण जंगलाशेजारी राहणारी माणसे. मोहफुले वेचायला पहाटे निघालो की आपली नजर आधी पायवाटेवर जाते. ओल्या मातीत पंजा उमटला आहे काय? झाडाच्या बुंध्यावर ओरखडे आहेत काय? वानर शेंड्यावरून ओरडू लागते, चितळ एकदम कुकारते, आणि आपण जागच्या जागी थांबतो. वाघ कोणी पाहिलेला नसतो. पण तो जवळ आहे हे खुणांवरून कळते. ही विद्या आपल्याला शाळेत कोणी शिकवली नाही. ती आजोबा-पणजोबांपासून चालत आली.

या धड्यात आपण दुसऱ्याच एका जनावराच्या खुणा पाहणार आहोत. ते रानात राहत नाही, घरच्या काँप्युटरात राहते. त्याला स्पायवेअर म्हणतात. स्पाय म्हणजे हेर. आम्ही त्याला हेरच म्हणू.

आम्ही मॅट्रिक झालो तेव्हा काँप्युटर डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पुढे मुख्याध्यापक असताना शाळेत एक आला. तो बहुतेक वेळ कापडाखाली झाकलेला असे, कारण बिघडला तर जबाबदारी कोणाची, असा आम्हाला धाक होता. तेव्हा या विषयातले आम्ही पंडित नव्हे. जे कळले ते ठेच लागून कळले.

आधी हेर म्हणजे काय ते समजून घेऊ. काँप्युटर हे यंत्र आपण होऊन काही करत नाही. त्याला काम सांगणाऱ्या सूचना असतात. अशा सूचनांच्या संचाला प्रोग्रॅम म्हणतात. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम असतो, हिशेबाचा असतो, गाणी ऐकण्याचा असतो. हेर हाही एक प्रोग्रॅमच. पण तो मालकाला न विचारता आत येतो आणि दुसऱ्याची चाकरी करतो. कीबोर्डवर तुम्ही जे बटण दाबाल ते तो टिपून ठेवतो. पडद्याचा फोटो काढतो. फाईली उघडून वाचतो. इंटरनेट चालू झाले की हे सारे दूर बसलेल्या आपल्या धन्याकडे पाठवतो. तो धनी चंद्रपुरात असेल, नाहीतर समुद्रापलीकडे असेल. आपल्याला दोन्ही सारखेच.

चोर येतो, नेतो आणि जातो. सकाळी उठलो की फुटलेले कुलूप दिसते. हेर जात नाही. तो घरातच राहतो आणि घर जसेच्या तसे दिसते. म्हणून त्याला ओळखणे कठीण.

आता आमच्या घरची हकीकत ऐका. आमच्या पुतण्याने एक वापरलेला काँप्युटर विकत आणला. विकणाऱ्याने त्यात विंडोज फुकट टाकून दिली होती. विंडोज म्हणजे ज्याच्यावर काँप्युटरचे बाकी सर्व प्रोग्रॅम चालतात तो मूळ प्रोग्रॅम. पुतण्याला मराठी टायपिंग करायचे होते. त्याचा एक चांगला प्रोग्रॅम पैसे देऊन मिळतो. पण कुलूप तोडलेला तोच प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळतो, असे त्याला मित्राने सांगितले. त्या फुकट मालासोबत एक सूचना होती : आधी अँटिव्हायरस बंद करा, मग हा प्रोग्रॅम चढवा.

अँटिव्हायरस म्हणजे काँप्युटरचा राखणदार. वाचकहो, दारात उभा राहून कोणी म्हणाला, ‘आधी राखणदाराला झोपवा, मग मी आत येतो,’ तर आपण त्याला बाज टाकून बसवू काय? पुतण्याने बसवले. आम्ही शेजारीच खुर्चीवर होतो. आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

आठवडाभर काही झाले नाही. मग एके दिवशी इंटरनेट उघडल्यावर पहिले पान निराळेच येऊ लागले. ते कोणी बदलले नव्हते. पुतण्या म्हणाला, “काकाजी, कंपनीनं बदललं असंन.” आम्ही मान हलवली. पुढे मोबाईलचे इंटरनेट रोज दुपारच्या आतच संपू लागले. घरात काँप्युटरला इंटरनेट मोबाईलवरूनच मिळते. आम्ही नातीला रागावलो, की तू दिवसभर सिनेमे पाहतेस. ती बिचारी शाळेत गेलेली असायची. मग राखणदार बंद दिसला. चालू केला तर लगेच पुन्हा बंद होई. पुतण्या म्हणाला, “मशीन जुनी हाये ना.” प्रत्येक खुणेला आमच्याकडे एक सबब तयार होती. रानात आपण असे वागत नाही. तेथे एक खूण दिसली की पाय आपोआप थांबतात.

आमचे डोळे उघडले ते वहिनींनी. पुतण्याची ही आई. वय सत्तरीला टेकले आहे. दोन वर्षांपूर्वी त्या रात्रीच्या साक्षरता वर्गात बसू लागल्या. जोडाक्षराला अजून अडतात. अंक मात्र पहिल्यापासून पक्के, कारण तेंदूची पुडकी मोजण्यात जन्म गेला. तेंदूचा बोनस त्यांच्या बँकेच्या खात्यात येतो. तो आला की नाही हे पुतण्या काँप्युटरवरून पाहत असे. म्हणजे खात्याचे नाव आणि पासवर्ड याच काँप्युटरावर रोज टाईप होत होता.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारी पुतण्या कामावर गेलेला. वहिनी मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या.

“भाऊजी, पाहा बरं. हे सहा आकडे आले. मी तं कोनाले काई मांगतलं नाई.”

तो ओटीपी होता. ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा परवलीचा आकडा. खात्यात कोणी शिरू लागला किंवा पैसे काढू लागला की बँक तो खातेदाराच्या मोबाईलवर पाठवते. आकडा बरोबर सांगितला तरच पुढचे दार उघडते. आता आकडा आला, पण मागितला कोणी? घरात आम्ही, वहिनी आणि मांजर. आम्ही विचार करतो तोच दुसरा आकडा आला.

वहिनींनी तो कोणाला सांगितला नाही. थोड्या वेळाने फोन आला. गोड आवाजात कोणी विचारले, मावशी, बँकेतून बोलतो, आलेला नंबर सांगा. वहिनी म्हणाल्या, “तूच बँकेतला हायेस, तं तुलेच मालूम असंन नं!” आणि फोन ठेवला. मुख्याध्यापकी करून आम्हाला जे सुचले नसते ते त्या बोलल्या. पासबुकावर छापलेल्या नंबरावर आम्ही फोन लावला आणि खात्याचे ऑनलाइन व्यवहार बंद करविले. बोनस वाचला. पासवर्ड हेराने नेला होता. दुसरे कुलूप वहिनींच्या हातात होते म्हणून दार उघडले नाही.

आता खुणांचा नीट विचार करू. येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एका खुणेवरून धावपळ करू नये. वाळलेले पान वाजले की वाघ आला, असे म्हणणारा माणूस रानात काम करू शकत नाही.

काँप्युटर मंद चालणे ही खूण सगळेजण प्रथम सांगतात. आमच्या मते ती सर्वांत कच्ची. जुने यंत्र मंदच चालते. त्याची साठवण भरली की मंद चालते. आतला पंखा सारखा घरघरतो, हीही तशीच. मे महिन्यात चंद्रपूरला माणसाला पंख्याशिवाय जगवत नाही, मग यंत्राला तो का लागू नये? त्यात कोळशाची धूळ आत बसली असली तर विचारूच नका. पण तुम्ही काहीच काम करत नाही, सकाळची थंड वेळ आहे, आणि तरी पंखा जोरात फिरतो, दिवा सारखा लुकलुकतो, असे रोज होऊ लागले, तर विचारावे की हे यंत्र कोणाचे काम करीत आहे?

इंटरनेट लवकर संपणे ही खूण त्याहून बरी. तरी तिच्यातही फसगत होते. विंडोज स्वतःची दुरुस्ती करण्यासाठी कधीकधी पुष्कळ माल उतरवून घेते. ते एक-दोन दिवस चालते. रोज होत असेल तर कारण निराळे.

इंटरनेटचे पहिले पान आपोआप बदलणे, एक शोधायला जावे तर दुसऱ्याच दुकानात नेऊन सोडणे, जाहिरातींच्या चौकटी काही न उघडता पडद्यावर नाचणे, आपण न चढवलेला प्रोग्रॅम यादीत दिसणे, या खुणा पक्क्या आहेत. यात कोणीतरी हात घातला आहे एवढे नक्की. तो जाहिराती दाखवून पैसे मिळवणारा लहान हेरही असेल. पण लहानाने दार उघडे ठेवले की त्यातून मोठा येतो.

माऊसचा बाण आपोआप सरकणे, खिडक्या आपोआप उघडणे, कॅमेऱ्याजवळचा बारीक दिवा न बोलावता पेटणे, ही तर समोर उभ्या वाघाची खूण. तेथे विचार करीत बसू नये. इंटरनेट तोडावे. कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवणे हा उपाय गावठी दिसतो, पण तो पक्का आहे. आमच्या घरी लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवला आहे.

आणि राखणदार आपोआप बंद पडणे! ही खूण आम्ही पाहिली आणि सोडून दिली. आमच्या समजुतीने ती सर्वांत मोठी. हेर आत आला की पहिले काम ते करतो. विंडोजमध्ये राखणदार मुळातच दिलेला असतो. त्याला विंडोज सिक्युरिटी म्हणतात. त्याशिवाय विकतचेही मिळतात. आपल्या पुण्यातला क्विक हील त्यांपैकीच एक. तो सुरू करणारे कैलास काटकर सातारा जिल्ह्यातले. त्यांचे आधी कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान होते आणि धाकटे भाऊ संजय यांनी तो प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजी शाळेत न जाताही या विद्येत माणूस पुढे जातो, हे सांगण्यासाठी आम्ही येथे थोडे आडवळण घेतले.

काही खुणा काँप्युटराबाहेर दिसतात. न मागता ओटीपी येणे ही एक. बरोबर टाकलेला पासवर्ड चुकीचा ठरणे ही दुसरी. आणि तिसरी अशी, की तुम्ही न पाठवलेला निरोप तुमच्या नावाने दुसऱ्याला मिळतो. ती आम्हाला कशी कळली ते सांगतो, कारण आमची झोप तिनेच उडवली.

बँकेच्या प्रकरणाला दोन दिवस झाले होते. धानोरा तालुक्यातून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आपल्या गावच्या ग्रामसभेचा हिशेब ठेवतो. म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पाठवलेलं उघडलं जी. पन त्यात काईच निघालं नाई.”

आम्ही काही पाठवलेच नव्हते.

त्याला आमच्या नावाने मेल गेला होता. सोबत एक फाईल होती. मास्तरांनी पाठवली म्हणून त्याने विश्वासाने उघडली. आणि ती उघडली ग्रामसभेच्या काँप्युटरावर. वाचकहो, गडचिरोलीत ग्रामसभेचा हिशेब म्हणजे काय हे तुम्ही जाणता. मेंढा (लेखा) गावाला 2011 साली बांबू वाहतुकीचे पासबुक स्वतःच्या हाती मिळाले. त्यानंतर अनेक गावे आपला बांबू आणि तेंदू आपण विकू लागली. त्या पैशाची नोंद, मजुरांची नावे, खात्यांचे नंबर, सर्व त्या एका काँप्युटरात. आमच्या घरचा हेर आमच्या नावाची चिठ्ठी घेऊन तेथपर्यंत पोहोचला होता.

ओळखीच्या माणसाच्या नावाने फाईल पाठवायची, हा या लोकांचा ठरलेला डाव आहे. त्याचे एक फार मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या नागपुराशी जोडलेले आहे. ते थोडे सावकाश वाचा.

सुरेंद्र गडलिंग हे नागपूरचे वकील. गडचिरोलीच्या न्यायालयातले खटलेही ते लढवत. 1 जानेवारी 2018 रोजी पुणे जिल्ह्यात भीमा कोरेगाव येथे हिंसाचार झाला. त्या प्रकरणात 17 एप्रिल 2018 रोजी पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेऊन काँप्युटरची सामग्री नेली, आणि 6 जून 2018 रोजी त्यांना अटक झाली. त्याच दिवशी दिल्लीचे रोना विल्सन यांनाही अटक झाली. त्यांच्या काँप्युटरांत आक्षेपार्ह पत्रे सापडली, असे पोलिसांचे म्हणणे होते.

आरोपींच्या वकिलांनी डिस्कची नक्कल मिळवली आणि अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी करणाऱ्या संस्थेकडे पाठवली. तिचे अहवाल 2021 साली बाहेर आले. त्यांत म्हटले आहे की दोन्ही काँप्युटरांत नेटवायर नावाचा हेर होता. विल्सन यांच्या काँप्युटरात तो 13 जून 2016 रोजी शिरला आणि सुमारे 22 महिने राहिला. ओळखीच्या माणसाच्या मेल-खात्यावरून त्यांना एक फाईल आली होती. ती उघडत नव्हती. तेव्हा पलीकडच्याने पुन्हापुन्हा सांगून ती उघडायला लावली. पडद्यावर एक साधा मजकूर दिसला, आणि त्याच्या आड हेर आत गेला. गडलिंग यांच्या काँप्युटरात तो 2016 च्या फेब्रुवारीत शिरला आणि 20 महिन्यांहून अधिक काळ राहिला, असे अहवाल म्हणतो.

पुढचे त्याहून गंभीर आहे. हेर फक्त नेतो असे आपण समजतो. अहवालाप्रमाणे या हेराने आणूनही ठेवले. विल्सन यांच्या काँप्युटरात त्याने एक लपवलेला कप्पा केला आणि त्यात पत्रे टाकली. ती मालकाने कधी उघडल्याची खूण तपासनिसांना सापडली नाही. ते कसे ओळखले? विल्सन यांच्या काँप्युटरात पत्र लिहिण्याचा वर्ड हा प्रोग्रॅम 2007 सालचा होता. पत्रे मात्र 2010 किंवा 2013 सालच्या वर्डवर तयार झालेली निघाली. घरात चूल आहे मातीची आणि भाकरीवर खूण आहे लोखंडी जाळीची, तर भाकरी या घरची नव्हे. तसे हे.

तपास यंत्रणेने या अहवालाचे म्हणणे मान्य केलेले नाही. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम, आमचे नव्हे. आम्ही ही हकीकत येथे दिली ती एवढ्यासाठी, की हेर काय करू शकतो ते वाचकाला कळावे. आणि आणखी एक. 22 महिने म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. शिकलेसवरलेले लोक रोज त्या पडद्यासमोर बसत होते, आणि तरी त्यांना हेराचा पत्ता लागला नाही. म्हणजे कसलेला हेर वर सांगितलेल्या खुणा सोडत नाही. पंखा घरघरत नाही, पान बदलत नाही, काही नाही.

पूर्वी वनखाते पंजाचे ठसे घेऊन वाघ मोजत असे. त्यात चुका होत. आता झाडाला कॅमेरे बांधून मोजतात. तसेच येथेही नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. राखणदाराकडून अधूनमधून झडती घ्यावी लागते. विंडोज सिक्युरिटीत ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाची झडती आहे. तिच्यात काँप्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि हेर जागा होण्याआधीच त्याला शोधले जाते. सुमारे पाव तास लागतो. आपले काम आधी जतन करून ठेवावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली तर त्या वेळी कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत त्यांची यादी दिसते. ती नावे आम्हाला सगळी कळत नाहीत. नातीला बसवून दोनदा वाचून घेतली, म्हणजे तिसऱ्या वेळी नवे नाव डोळ्यात भरते. विंडोज 10 असेल तर एक लक्षात ठेवा : 14 ऑक्टोबर 2025 पासून कंपनीने तिची नेहमीची दुरुस्ती थांबवली आहे. कुंपण मोडले तर आता ते आपोआप बांधले जात नाही.

पण आमचा भर झडतीपेक्षा दारावर आहे. हेर बहुधा भिंत फोडून येत नाही. आपणच त्याला दार उघडतो. म्हणून फाईल उघडण्याआधी तिचे नाव वाचावे, आणि नावाचे शेपूटही वाचावे. प्रत्येक फाईलच्या नावाला टिंबानंतर दोन-चार इंग्रजी अक्षरांचे शेपूट असते. जेपीजी असेल तर फोटो. पीडीएफ असेल तर छापील पान. ईएक्सई असेल तर तो प्रोग्रॅम आहे, म्हणजे उघडल्याबरोबर कामाला लागणारा. रार किंवा झिप असेल तर ते गाठोडे आहे, आत काय बांधले आहे ते वरून दिसत नाही. काही ठिकाणी ‘फोटो.जेपीजी.ईएक्सई’ असे दुहेरी शेपूट लावतात. पुढचे खोटे, शेवटचे खरे. विंडोज मात्र शेपूट झाकून ठेवते. फाईलींच्या खिडकीत ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ते दाखवायला सांगावे लागते. मोबाईलवरही हाच प्रकार. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाईलचे शेपूट एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, प्रोग्रॅम आहे. वहिनींना इंग्रजी येत नाही. पण ई, एक्स, ई ही तीन अक्षरे त्यांनी चित्रासारखी ओळखून ठेवली आहेत.

2019 साली नागपूरच्या एका वकिलासह देशातल्या काही लोकांना हेर असलेले मेल आले. त्यांचा अहवाल अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि कॅनडातील सिटिझन लॅब या संस्थांनी जून 2020 मध्ये दिला. त्या मेलांत कोर्टाच्या समन्सची सोंगे होती, पत्रकारांची होती. जे पाहून माणूस घाबरेल किंवा हुरळेल ते सोंग घेतात. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे असले तरी फाईल अनपेक्षित असेल, आणि ‘उघड, उघड’ म्हणून मागे लागणे असेल, तर फोन करून विचारावे : हे तुम्हीच पाठवले काय? आमच्या विद्यार्थ्याने तसा फोन केला. फक्त फाईल उघडल्यानंतर केला.

हेराचा संशय पक्का झाला तर काय करावे? प्रथम इंटरनेट तोडावे. मग पासवर्ड बदलावे, पण त्याच काँप्युटरावरून नव्हे. तेथून बदलले तर नवा पासवर्डही हेराच्याच वहीत जातो. दुसऱ्याचा स्वच्छ मोबाईल किंवा काँप्युटर घ्यावा. बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या नंबरावर फोन करावा. जेवढा उशीर तेवढे पैसे दूर जातात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या काँप्युटरात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार करायची असेल तर घाईघाईने सर्व पुसून टाकू नये. पडद्याचे फोटो घ्यावेत, तारखा लिहून ठेवाव्यात. आमच्या घरी झडतीत तीन प्रोग्रॅम सापडले. ते काढूनही आमची खात्री होईना. शेवटी पुतण्याने फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढून सगळी विंडोज पुसली आणि नवी, विकतची घातली. पैसे गेले. टायपिंगच्या त्या फुकट प्रोग्रॅमची हीच किंमत पडली.

राहिली ग्रामसभा. फोनवर सांगून भागण्यासारखे नव्हते. आम्ही एसटीने गेलो. गोटुलासमोर माणसे बसली होती, बायाही होत्या. आम्ही उभे राहून सांगितले की आमच्या घरून हे तुमच्याकडे आले, आमच्या नावाने आले. कोणी काही बोलले नाही. मग एक म्हातारा म्हणाला, “गुरुजी, पैसे गेले का?” बँकेत विचारून झाले होते. गेले नव्हते. त्या गावात पैसे काढायला तिघांच्या सह्या लागतात आणि बँकेत जावे लागते. ऑनलाइनची सोय त्यांनी घेतलीच नव्हती. आम्ही पूर्वी त्यांना त्याबद्दल मागासलेले म्हटले होते, तेही त्या दिवशी आठवले.

पण नागपूरची हकीकत आमच्या डोक्यात होती. आम्ही म्हणालो, काही गेले का एवढेच पाहून चालणार नाही. कोणी काही आणून ठेवले, कोणाचे नाव घातले, कोणाचा आकडा बदलला, हेही पाहायला हवे. ग्रामसभेने हिशेबाची शाईने लिहिलेली वही सोडलेली नव्हती. ती आणली. एकाने काँप्युटरावरून नाव आणि रक्कम वाचायची, दुसऱ्याने वहीत बोट ठेवून पाहायचे, आणि ज्याचे नाव येईल त्याने ‘हो’ म्हणायचे. वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या दोन बाया वहीवर बसल्या. जेवण होऊन पुन्हा बसलो. दिवेलागणीला शेवटचे पान झाले.

एक फरक निघाला. 300 रुपयांचा. सगळे एकदम गप्प झाले. त्या बाईने वहीतली बेरीज पुन्हा बोटांवर केली आणि मान वर केली. हिशेब लिहिताना आमचा विद्यार्थी हातचा विसरला होता. बेरीज त्याला आम्हीच शिकवलेली.